घरबसल्या प्राकृतिक भूगोल: ऑनलाइन दूरशिक्षणातला पहिला अभ्यासक्रम कोणत्या क्रमाने करावा

पहिल्या आठवड्यात ज्वालामुखीचे व्हिडिओ, दुसऱ्या आठवड्यात भूकंपाचे, मग हिमनद्या. सगळं कळतंय असं वाटत असतं. पाचव्या आठवड्यात एक साधा स्वाध्याय येतो, ‘नकाशावरील अ आणि ब या ठिकाणांमधला उतार काढा’, आणि तिथे गाडी अडते. ऑनलाइन शिकणाऱ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय. चुका बहुतेक त्याच त्याच असतात, आणि त्यांचं मूळ हुशारीच्या अभावात नसून क्रमात असतं. प्राकृतिक भूगोल हा मोजण्याचा आणि रेखाटण्याचा विषय आहे. पडद्यावर तो नुसता बघण्याचा होऊन बसतो.

टप्पा १: पहिला पाठ उघडण्याआधी

अभ्यासक्रमाची रूपरेषा आधी छापून घ्या आणि चार गोष्टींवर खुणा करा: प्रात्यक्षिकांना वेगळे गुण आहेत का, खडकांच्या नमुन्यांचा संच मागवावा लागतो का, परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली आहे का, आणि मुदती कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहेत. पुढे हे श्रेयांक दुसऱ्या संस्थेत वर्ग करायचे असतील, तर तिथे प्रात्यक्षिकासह अभ्यासक्रम लागतो की नुसता सैद्धांतिक चालतो, हे लेखी विचारून ठेवा. अर्धा अभ्यासक्रम झाल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

मुदतीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. संस्थेची रात्री ११:५९ ही वेळ तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ असू शकते किंवा त्याच दिवसाची दुपार. कालविभाग शिकवणाऱ्या विषयाचाच स्वाध्याय कालविभाग न कळल्यामुळे उशिरा गेलेला मी पाहिला आहे.

साहित्य फार लागत नाही: आलेखाचा कागद, टोकदार पेन्सिल, ३० सेंमीची पट्टी, कोनमापक, दोरा, साधं गणकयंत्र आणि एक छापील नकाशासंग्रह. नकाशासंग्रह छापीलच घ्या. पडद्यावरचा नकाशा लहानमोठा होत राहतो आणि प्रमाणाची जाणीवच तयार होत नाही.

शेवटची तयारी शब्दांची. बहुतेक ऑनलाइन साहित्य इंग्रजीत असतं आणि आपण मनातल्या मनात मराठीत विचार करतो. म्हणून तीन रकान्यांची शब्दवही करा: मूळ संज्ञा, मराठी संज्ञा आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ. या जोड्यांपाशी विशेष थांबा:

- हवा आणि हवामान. शास्त्रात ‘हवा’ म्हणजे आजची, या क्षणाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळची, साधारण ३० वर्षांची सरासरी. बोलताना आपण ‘आज हवामान खराब आहे’ म्हणतो. उत्तरपत्रिकेत ते चालत नाही.
- अक्षांश आणि अक्षवृत्त. पहिलं कोनाचं मूल्य, दुसरं त्या मूल्याचं पृथ्वीवरचं वर्तुळ.
- विदारण आणि क्षरण. विदारणात खडक जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो. क्षरणात सुटा झालेला माल वारा, पाणी किंवा बर्फ उचलून नेतं. जागा सुटली की क्षरण, एवढं लक्षात ठेवा.

तपासा: तीन रकान्यांतल्या दहा नोंदी व्हिडिओ न बघता लिहिता येतात का? नसतील, तर पहिला पाठ एक दिवस पुढे ढकला.

टप्पा २: धड्यांचा क्रम आणि आठवड्याची आखणी

अभ्यासक्रम स्वतःच्या गतीने करायचा असला की विद्यार्थी आवडीचा धडा आधी उघडतात. या विषयात तसं केलं की पाया निसटतो. नकाशा आणि सहनिर्देशक (ठिकाणाचे अक्षांश-रेखांश), मग सूर्य आणि पृथ्वी, मग वातावरणातली उष्णता, वायुदाब आणि वारे, आर्द्रता आणि पर्जन्य, त्यानंतर हवामानाचे प्रकार, ही एक साखळी आहे. पृथ्वीचं अंतरंग, भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे), खडक ही दुसरी साखळी. विदारण, मृदा, नद्या, हिमनद्या आणि किनारे या दोन्ही साखळ्यांवर उभे आहेत. मृदेचा धडा हवामान आणि खडक झाल्याशिवाय उघडू नका, नुसतं पाठांतर होईल.

प्रत्येक पाठ तीन बैठकांत करा. पहिल्या बैठकीत पाठ वाचा आणि आकृती हाताने काढा. दुसऱ्या बैठकीत व्हिडिओ बघा, पण दर चार-पाच मिनिटांनी थांबवून आपल्या आकृतीत दुरुस्त्या करा. तिसरी बैठक एक-दोन दिवसांनी: कोऱ्या कागदावर तीच आकृती आठवून. दीडपट वेगाने व्हिडिओ बघून वेळ वाचतो असं वाटतं. स्वाध्यायाच्या वेळी तो वेळ व्याजासकट परत करावा लागतो.

टप्पा ३: सहनिर्देशक आणि नकाशावाचन

सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे रेंगाळा.

पहिली चूक अंश-मिनिटांची. एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नव्हेत. फुजी पर्वत सुमारे ३५ अंश २२ मिनिटं उत्तर, १३८ अंश ४४ मिनिटं पूर्व इथे आहे. दशांश पद्धतीत हे ३५.३७ आणि १३८.७३ होतं, कारण २२ भागिले ६० म्हणजे ०.३७ आणि ४४ भागिले ६० म्हणजे ०.७३. विद्यार्थी सरळ ३५.२२ आणि १३८.४४ टाकतात आणि शिखरापासून सुमारे ३० किमी दूर जाऊन पडतात. डोंगराळ भाग सगळीकडे असल्याने चूक लक्षातही येत नाही.

दुसरी चूक चिन्हाची. दशांश पद्धतीत दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण लिहितात. अक्षांश आधी, रेखांश नंतर. अक्षांशाचं मूल्य ९० च्या वर गेलं, तर क्रम उलटा झालाय हे नक्की.

आता समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. या क्रमाने जा:

१. नकाशाचं प्रमाण वाचा. १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेंमी जमिनीवर १ किमी.
२. लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा फरक किती, ते सूचीतून घ्या. अंदाज करू नका.
३. नद्या निळ्या पेन्सिलने गिरवा. नदी ओलांडताना समोच्च रेषांचं टोक उगमाकडे, म्हणजे चढाकडे वळतं. डोंगराच्या सोंडेवर ते उताराकडे वळतं.
४. शिखरं आणि खळगे वेगळे ओळखा. आतल्या बाजूला छोटे दात काढलेली बंद रेषा खळगा दाखवते.
५. मगच मोजायला घ्या.

समजा, अ आणि ब यांच्यातलं नकाशावरचं अंतर २.४ सेंमी आहे आणि दोघांमध्ये २० मीटर फरकाच्या सहा पायऱ्या आहेत. जमिनीवरचं अंतर १.२ किमी म्हणजे १,२०० मीटर. उंचीतला फरक १२० मीटर. उतार १२० भागिले १,२००, म्हणजे १० मीटरला १ मीटर किंवा १० टक्के. कोनात तो सुमारे ५.७ अंश येतो. १० टक्के म्हणजे १० अंश नव्हे, हे मी लाल शाईने कितीदा लिहिलंय याचा हिशोब नाही.

सावधान: पायऱ्या मोजा, रेषा नव्हे. सात रेषांमध्ये पायऱ्या सहाच असतात.

उभा छेद, म्हणजे जमीन अ-ब रेषेवर कापली तर बाजूने दिसेल तो चढउतार, काढताना कागदाची पट्टी अ-ब रेषेवर ठेवा, प्रत्येक समोच्च रेषा जिथे छेदते तिथे खूण करून उंची लिहा, पट्टी आलेखाच्या तळाशी लावा आणि बिंदू वर न्या. उभं प्रमाण १ सेंमीला १०० मीटर, म्हणजे १:१०,००० घेतलं आणि आडवं १:५०,००० असलं, तर डोंगर खऱ्यापेक्षा पाचपट उभा दिसेल. हा ‘पाचपट’ आकृतीखाली लिहावाच लागतो, नाहीतर तपासणाऱ्याच्या दृष्टीने छेद अर्धवट राहतो.

गूगल अर्थमध्ये असा छेद एका क्लिकवर मिळतो. पहिले दोन छेद हाताने काढल्यानंतरच तो वापरा, आणि उंचीची अतिशयोक्ती दाखवणारी मांडणी १ वर आहे ना, हे आधी बघा.

टप्पा ४: सूर्य, पृथ्वी आणि एक काठी

ऋतू अंतरामुळे होतात ही समजूत वाचून जात नाही, आकडे बघून जाते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किमी. सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किमी. उत्तर गोलार्धात थंडी नेमकी जवळ असतानाच असते. ऋतू होतात ते अक्ष २३.५ अंश कललेला असल्यामुळे.

मध्यान्हीच्या सूर्याची उंची काढायची रीत: ठिकाणाचा अक्षांश आणि सूर्य ज्या अक्षवृत्तावर लंबरूप आहे तो अक्षांश, यांतला फरक ९० मधून वजा करा. ४० अंश उत्तरेला २१ जूनच्या सुमारास ९० वजा १६.५, म्हणजे ७३.५ अंश. २२ डिसेंबरला सूर्य दक्षिण गोलार्धात लंबरूप असतो, म्हणून फरक ४० अधिक २३.५, म्हणजे ६३.५ आणि उंची २६.५ अंश. गोलार्ध वेगळे असतील तर बेरीज, एकच असेल तर वजाबाकी. सगळी गल्लत इथेच होते.

याचं प्रात्यक्षिक घरी करता येतं. १ मीटरची काठी सपाट जागी ओळंब्याने सरळ उभी करा. घड्याळात बारा वाजण्याच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली मोजा. काठीची लांबी भागिले सावलीची लांबी हे सूर्याच्या उंचीच्या कोनाचं ‘टॅन’ गुणोत्तर. विषुवदिनी (सूर्य विषुववृत्तावर लंबरूप असताना) सावली ५८ सेंमी भरली तर कोन सुमारे ६० अंश, म्हणजे तुमचा अक्षांश सुमारे ३० अंश.

आखूड सावली बरोबर बारा वाजता पडणार नाही. त्यात तुमची चूक नाही. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून तुम्ही जितके अंश दूर, तितकी दर अंशाला चार मिनिटं वेळ सरकते. शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे वर्षभरात साधारण १६ मिनिटांपर्यंतचा फरक पडतो. अहवालात हा फरक समजावून सांगणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. आकडे ‘जुळवून’ बारा वाजता सावली दाखवणारा लगेच पकडला जातो.

सावधान: सूर्याकडे बघू नका, कॅमेऱ्यातूनही नाही. या प्रयोगाला सावली पुरते.

टप्पा ५: हवा, बाष्प आणि डोंगर ओलांडणारा वारा

वाऱ्याचं नाव तो *कुठून येतो* त्यावरून ठरतं, सागरी प्रवाहाची दिशा तो *कुठे जातो* त्यावरून सांगतात. पश्चिमी वारा पूर्वेकडे जातो. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोरिऑलिस परिणामामुळे, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे, वारा उत्तर गोलार्धात *आपल्या गतीच्या* उजवीकडे वळतो. नकाशाच्या उजवीकडे नव्हे. आकृती काढताना बाणाच्या शेपटीपाशी उभे आहोत अशी कल्पना करा. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो.

सापेक्ष आर्द्रतेत लोक अडखळतात, कारण बाष्प तेवढंच राहूनही टक्केवारी बदलते. हवेतलं बाष्प त्या तापमानाला जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के, ती सापेक्ष आर्द्रता. संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत १० अंश सेल्सिअसला घनमीटरमागे सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असतं, २० अंशाला १७.३, ३० अंशाला ३०.४. आता ३० अंशाच्या हवेत १५.२ ग्रॅम बाष्प असेल तर सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. तीच हवा २० अंशापर्यंत थंड झाली की सुमारे ८८ टक्के. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नाही.

हे पक्कं झालं की डोंगराचं उदाहरण सोडवा. अभ्यासक्रमात ते हमखास असतं. समुद्रसपाटीवर हवा ३० अंशाची. १,००० मीटरपर्यंत ती असंपृक्त चढते, दर किलोमीटरला सुमारे १० अंशाने थंड होते: २० अंश. इथे ढग धरतो. पुढचे २,००० मीटर ती संपृक्त असते आणि बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडत असल्याने ती सावकाश, समजा दर किलोमीटरला ६ अंशाने, थंड होते: शिखरावर ८ अंश. वाटेत पाऊस पडून गेला. पलीकडे ३,००० मीटर उतरताना ती पुन्हा दर किलोमीटरला १० अंशाने तापते: ३८ अंश. निघाली त्यापेक्षा आठ अंश गरम आणि कोरडी. आल्प्समधले फॉन आणि रॉकी पर्वतातले चिनूक वारे असेच उष्ण आणि कोरडे होतात.

नेहमीची चूक ही, की पुस्तकात आधी वाचलेला दर किलोमीटरला ६.५ अंश हा आकडा सगळीकडे लावायचा. तो स्थिर वातावरणातला सरासरी दर आहे, वर चढणाऱ्या हवेचा नव्हे. तो लावला तर पलीकडे पुन्हा ३० अंशच येतात आणि प्रश्नाचा हेतूच हरवतो.

तपासा: पलीकडचं उत्तर सुरुवातीच्या तापमानाएवढंच आलं, तर दर चुकलाय किंवा पाऊस विसरलात.

टप्पा ६: हवामानाचे प्रकार ओळखणं

कोपेनचं वर्गीकरण पाठ करायचं नसतं, लावायचं असतं, आणि लावण्याला क्रम असतो. ‘ए’पासून सुरुवात करावीशी वाटते, पण आधी ध्रुवीय ‘ई’ (सर्वांत उष्ण महिनाही १० अंशाच्या खाली) आणि शुष्क ‘बी’ तपासा. मगच ए (उष्ण कटिबंधीय), सी (समशीतोष्ण), डी (थंड हिवाळ्याचं). खार्टूमचा सर्वांत थंड महिनाही १८ अंशाच्या वर असतो. तापमानापासून सुरुवात केलीत तर वाळवंटातलं हे शहर उष्ण कटिबंधीय ‘ए’मध्ये जाऊन बसेल. बरोबर उत्तर आहे ‘बीडब्ल्यूएच’, उष्ण वाळवंट.

‘बी’साठी वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणा. पावसाचा ७० टक्के किंवा जास्त भाग उन्हाळी सहामाहीत असेल तर २८० मिळवा, हिवाळी सहामाहीत असेल तर काही मिळवू नका, एरवी १४० मिळवा. २५ अंश तापमान आणि वर्षभर विभागलेला पाऊस असेल तर सीमा ६४० मिमी. पाऊस ३२० च्या खाली असेल तर वाळवंट, ३२० ते ६४० मध्ये निमशुष्क. दक्षिण गोलार्धात उन्हाळी सहामाही ऑक्टोबर ते मार्च असते. हे विसरलं की पुढचं सगळं उलटं.

‘सी’ आणि ‘डी’मधली सीमा (सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान) काही पुस्तकं ० अंश घेतात, काही उणे ३. तुमच्या अभ्यासक्रमाची कोणती, ते बघून उत्तराच्या वर लिहा.

टप्पा ७: खडक, माती आणि नद्या

भूपट्टांवर मी फार वेळ घालवायला सांगणार नाही. व्हिडिओ खरोखर उपयोगी पडतात ते इथेच. भूकंपाच्या तीव्रतेची फोड तेवढी नीट करा: परिमाणात १ ची वाढ म्हणजे कंपनाचा आयाम १० पट, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट. हवाई बेटं भूपट्टाच्या सीमेवर नाहीत, तरी तिथे ज्वालामुखी आहेत. कारण लिहून ठेवा, प्रश्न येतोच.

खडकांचा संच हातात असला तर नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर परीक्षा करा, कारण विदारण झालेला पृष्ठभाग फसवतो. १ ते १० च्या मोहस् श्रेणीवर नखाची कठीणता सुमारे २.५, काचेची ५.५. पांढरा स्फटिक काचेवर ओरखडा काढत असेल तर तो क्वार्ट्झ (७) असण्याची शक्यता जास्त. कॅल्साइट (३) काढू शकत नाही, पण त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतात. नमुन्याचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर दाण्यांचा आकार कळत नाही.

मातीसाठी सरळ कडांची बाटली एक-तृतीयांश मातीने भरा, पाणी आणि साबणाचे दोन थेंब घाला, खूप हलवा आणि ठेवून द्या. एका मिनिटात बसते ती वाळू, दोनेक तासांत बसतो तो पोयटा, बाकी चिकणमाती. तिला एक दिवस किंवा जास्त लागतो. थरांची जाडी ४, ४ आणि २ सेंमी भरली तर ४०, ४० आणि २० टक्के: लोम, म्हणजे तिन्हींचं मिश्रण असलेली माती. मृदा पोताच्या त्रिकोणावर (तीन टक्केवाऱ्यांवरून मातीचं नाव देणारा आलेख) प्रत्येक बाजूच्या रेषा वेगळ्या दिशेला झुकलेल्या असतात. दोन मूल्यांनी बिंदू ठरवा आणि तिसऱ्याने पडताळा.

नदीच्या वळणावर बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठाशी संचयन होतं. विद्यार्थी घाईत हे उलटं लिहितात. गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत उणे ८.४, उणे ७४.५ टाका. पेरूमधली उकायाली नदी दिसेल. जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी मागेपुढे सरकवून एखादं वळण तुटून नालाकृती सरोवर तयार झालेलं शोधा, आणि दोन वेगवेगळ्या वर्षांचे काठ एकाच कागदावर दोन रंगांत गिरवा.

टप्पा ८: स्वाध्याय पाठवणं आणि परीक्षा

प्रत्येक आकृतीवर शीर्षक, प्रमाण, उत्तर दिशा, एकक आणि सूची असते का, ते पाठवण्याआधी बघा. वहीचं पान दिवसाच्या उजेडात, वरून सरळ धरून टिपा. तिरप्या फोटोत छेदाचं प्रमाण बिघडतं. फाइल पाठवल्यावर ती पुन्हा उतरवून उघडून पाहा.

परत आलेल्या स्वाध्यायातली प्रत्येक चूक एका वेगळ्या पानावर तीनपैकी एका नावाखाली लिहा: एकक, दिशा किंवा क्रम. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून ते एक पान वाचा. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून असली तरी सूत्रं आणि सीमामूल्यं एका कागदावर काढून ठेवा, कारण शोधण्यात वेळ जातो. देखरेखीची परीक्षा असेल तर कॅमेरा आणि इंटरनेट नीट चालतात का, आलेखाचा कागद वापरायला परवानगी आहे का, हे दोन दिवस आधी सरावाच्या खोलीत जाऊन तपासा.